नोव्हेंबरचा थर

गेरान उतारात खणतो, छातीइतकं खोल.
वरचा थर वाऱ्यानं रचलेला,
तीन दिवस, कड्यापलीकडून आणून,
थापून घट्ट.
खाली जानेवारीतल्या एका उन्हाचा पापुद्रा.
त्याखाली
नोव्हेंबर.

तो मुठीत घेतो.
साखरेसारखा रवाळ, दाबला तरी
लाडू वळत नाही.
निरभ्र रात्री होत्या त्या. बर्फ पातळ,
जमीन अजून ऊबदार,
आणि गावात जो तो म्हणत होता, काय सुंदर थंडी.

फावडं ठेवून तो वर बोटं आपटतो.
अकराव्या टकटकीला सगळा थर सरकतो,
खणासारखा, बिनआवाज.

बापानं त्या पहाटे देवळाची घंटा वाजवली
आणि डोंगर आला.
स्वानेतीत अजून त्याचं नाव निघालं की
लोक चहा ढवळत बसतात.

खाली जाऊन सांगायचंय:
वरच्या रानात लाकडाला जाऊ नका.
दुसरं वाक्य
अजून वळत नाही.