सात नळ्यांची जागा

बोगुमिवा श्वास धरून नळ्या रचते.
काचेच्या, हातभर लांब, गव्हाच्या काडीहून बारीक.
दोघींच्या खाचेत तिसरी, तिच्या अंगाला चौथी,
अशा दोनशेच्या वर.
हातमोजे दोन-दोन. सकाळी अत्तर नाही,
मांजराला कुशीत घेणं नाही.
आत एक केस राहिला
तर पुढे किलोमीटरभर तोच केस.

मग मधल्या सात काढून घेते.
नवा पोरगा विचारतो, आता तिथे काय घालायचं?
काही नाही.
तिथून प्रकाश जाणार.

लुब्लिनबाहेर मावशीकडे नाताळात
राय धान्याच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून
छताला टांगायचे. त्याला म्हणायचे कोळी.
जाळं नाही, आठ पाय नाहीत, तरी कोळीच.
दार उघडलं की गरगरायचा,
आणि धाकटा झेनेक त्याच्या पोटात बोट घालून
मार खायचा.

मनोऱ्याच्या माथ्यावर भट्टी. दोन हजार अंशांना
काच आधी हटून बसते,
मग एक थेंब, आणि थेंबामागून धागा,
तीन मजले खाली.
भोकं मिटू नयेत म्हणून आतून फुंकर.
कमी पडली तर मिटतात, जास्त झाली तर फुगतात.
गेल्या मंगळवारी फुगली.
अख्खा आठवडा कचऱ्यात.

हे रीळ वेंच्नाच्या खाणीत जाईल, नऊशे मीटर खाली,
जिथे झेनेकची दुसरी पाळी असते.
धाग्याच्या कुशीला मुद्दाम पाडलेल्या फटी:
खाणीतली हवा आत शिरावी,
प्रकाशाच्या वाटेत उभी राहावी.
मिथेनला वास नाही, रंग नाही.
पण न दिसणाऱ्या उजेडातले ठरलेले घास
तो खातो, बाकीच्याला तोंड लावत नाही.
वर पडद्यावर रेघ तेवढ्या जागी खचते.

झेनेक म्हणाला, म्हणजे पूर्ण परत आला तर ठीक,
कमी आला तर पळा?
हो.
आईच्या उलट, तो म्हणाला.
डब्यात काही उरलं की तिचा जीव खालीवर.

काढलेल्या सात-सात नळ्या ती फेकत नाही.
प्रयोगशाळेच्या खिडकीत टांगायला एक कोळी करतेय.
काच दोरा कापते. दोनदा पडला.
शनिवारी बाजारातून गळाची दोरी आणली.
कोळ्याला शेवटी तीच लागायची.