किमान देय

हेमांगी प्रभादेवीच्या छापखान्यात प्रुफं तपासते,
एकोणीस वर्षं.
दुसऱ्याची ऱ्हस्व वेलांटी तिला झोपेतही टोचते.
माझं घसरलेलं मात्र कळलं
एका मंगळवारी, सोसायटीच्या पत्रपेटीत.

मी म्हटलं, अगं, काही नाही,
किमान रक्कम भरतोय की.
दोन हजार एकशे चाळीस. दर महिन्याला. वेळेवर.

ती बोलली नाही.
चष्मा कपाळावरून नाकावर आणला,
लाल पेन काढलं
आणि बिल उलटं करून पाठीमागून वाचायला बसली,
जिथे अक्षरं मुंग्यांनी चालून उमटवल्यासारखी.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग समासात आकडा आला:
सतराशे अडुसष्ट – व्याज आणि त्यावरचा कर.
तीनशे बहात्तर – फेड.
"एवढंच फिटतंय तुझं," ती म्हणाली,
"बाकीचं त्यांना वाढदिवसाचं पाकीट."

मालिशची खुर्ची, जिच्यात हल्ली
धुतलेले कपडे पाय पसरून बसतात:
तिच्याखाली एक रेघ.
विरारच्या रिसॉर्टखाली एक.
एटीएममधून काढलेल्या रोख पाच हजारांखाली दोन,
कारण तिथे सवलतीचा एक दिवसही नसतो,
घेतल्या क्षणापासून मीटर पडतो.
पुढे प्रश्नचिन्ह.
त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

शेवटी तिने 'किमान' हा शब्द खोडला,
शेपटीवाली ती खूण काढली, प्रुफात काढतात तशी,
आणि वर लिहिलं: संपूर्ण.
तिची आवर्त ठेव मोडली, माझी खुर्ची विकली,
खुर्चीचे आले साडेसहा हजार.
हे सगळं तिने चूक सुधारावी तसं केलं,
न रागावता. तेच जास्त लागलं.

कार्ड मात्र तिने कापलं नाही.
घरातल्या जाड शब्दकोशात ठेवलंय, 'ऋ'च्या पानात.
"लागलं तर घे," म्हणाली,
"पण चार तारखेला पूर्ण प्रुफ मला हवं."

परवा दादरला बूट पाहून आलो.
सवलत रात्री नऊपर्यंत.
घरी येऊन शब्दकोश उघडला.
पान तेच, पण ऋणाच्या आधी
ऋजू लागतो.
ऋजू: सरळ, प्रामाणिक, वाकडा नसलेला.
वाचत उभा राहिलो.
आतून तिने विचारलं, काय शोधतोयस?

घड्याळात आठ पन्नास.