आठ वार

अँटिगोनिशच्या दुकानात
रँकिनबाई नमुन्यांची जाड वही उघडतात
आणि विचारतात, आडनाव?
गाऊ, बाबा सांगतात.
बाई थबकतात. चष्मा वर सारतात.

गाऊ म्हणजे लोहार.
आणि लोहार कुठल्या खोऱ्यात नव्हता?
घोडा कुणाचाही असो, नाल ठोकायला गावोगावी गाऊच.
"तेव्हा तुमचं टार्टन कुठलं,
ते नुसत्या आडनावावरून नाही हो कळायचं."
बाबांना हसू येतं.
एकाहत्तर वर्षं हेच नाव सांगत आले,
आणि तेच निघालं बिनपत्त्याचं.

तरी बाई पानं उलटतात.
हा हिरवा, शिकारीचा.
हा तांबडा, समारंभाचा, लांबून उठून दिसतो.
हा जुना वाटावा म्हणून मुद्दाम विटका रंगवलेला,
यावर हल्ली फार उड्या.
बाबा कापड चिमटीत धरून पाहतात,
धक्क्यावर मासळी पाहावी तसं.

मग खिशातून घडीचा कागद काढतात.
युफीमियाआत्याच्या अक्षरात चार ओळी:
कुठलं खोरं, कुठलं जहाज,
किती पोरं चढली, किती उतरली.
आणि ज्याने छपरं उतरवायला माणसं धाडली
त्या सरदाराचं नाव.
आपण त्याच्या कुळातले,
आणि त्याचीच कुळं.

"याचा कुठला?"

रँकिनबाई एका पानावर बोट ठेवतात
आणि लगेच उचलतात, तवा तापलेला असावा तसं.
गडद निळा, काळा, मधून एक बारीक पांढरी रेघ.
सुंदर आहे. तेच तर वाईट.

आम्ही काही न घेता निघालो.
गाडीत मी म्हटलं, आईच्या माहेरचा घ्या ना,
त्यांचं तरी कुणाशी वाकडं नाही.
बाबा ग्लेस बे येईपर्यंत काचेबाहेर पाहत होते.

तीन आठवड्यांनी फोन: कापड आलंय, आठ वार.
मला न सांगता मागवलेलं. त्याचंच.
मी बोलले. बरंच बोलले.
बाबा म्हणाले, "लोकर कातली आपल्या बायकांनी.
रंगवली त्यांनी, विणली त्यांनी.
त्याने नुसती अंगावर घेतली.
राहिलं होतं त्याच्याकडे. आणलं."

इशबेलच्या लग्नात त्यांनी किल्ट घातला.
निऱ्या मागे, पुढे सपाट, बाईंनी शिकवलं तसं.
समुद्राखालच्या खाणीत
चाळीस वर्षं रांगलेले गुडघे
पहिल्यांदाच चारचौघांत उजेडात आले,
पांढरेफटक,
आणि कातडीखाली मुरलेल्या कोळशाच्या
निळ्या रेघा,
काही उभ्या, काही आडव्या.

फोटोवाला म्हणाला, काका, मोजे जरा वर घ्या.
बाबांनी नाही घेतले.