मरळ चौकोनी खात नाही

ग्रिम्सबीत मासा चौकोनी असतो.
मला विचारा, मी तो रात्रभर पट्ट्यावरून जाताना पाहते,
डोक्याला निळी जाळी, हातमोज्यांवर हातमोजे,
हॅडॉकच्या गोठलेल्या लाद्या, मग विटा, मग बोटं,
मग वरून पावाचा चुरा.
डोळा कुठेच नाही. कुणी विचारतही नाही.

घरी मात्र एक वीतभर मरळ आहे
आणि तिला डोळा लागतो,
घाबरणारा, पळणारा, शेपटीसकट.

ट्यूप्लिनने दुकानात पिशवीला गाठ मारता मारता सांगितलं होतं,
"आसामची आहे. तुमच्याकडचीच."
आसामपासून सांगली किती लांब, ते मी त्याला सांगत बसले नाही.
आमच्याकडे मरळ म्हणजे मंगळवारच्या बाजारातली टोपली,
राखेने धरली तरी निसटणारी,
आणि संध्याकाळी तांबडा रस्सा.
तिलाच कुणी जेवायला घातल्याचं
ऐकिवात नाही.

महिनाभर जिवंत गप्पी आणले.
शुक्रवारी भरलेली पिशवी, रविवारी रिकामं पाणी.
मग रेवती म्हणाली, आई, तो शेपटीला केशरी होता ना,
त्याचं नाव मी ठेवलं होतं.

तिथे थांबले.

"उपाशी ठेव," ट्यूप्लिन म्हणाला.
"आठ दिवस, दहा दिवस, तिचं काही जात नाही.
जाईल ते तुझं."

सहाव्या दिवशी वितळवलेली कोळंबी टाकली.
ती जाऊन वाळूवर बसली.
मरळीने तिच्याकडे
दुसऱ्याच्या उष्ट्या पानाकडे पाहावं तसं पाहिलं,
वर आली, हवेचा एक घोट घेतला,
आणि परत तिच्या फुटक्या कुंडीत.
माझ्या घशाखाली पोळी उतरेना.

मग चिमटा. लांब, वाकड्या टोकाचा.
मी, चव्वेचाळीस वर्षांची बाई,
अंगाला अजून शीतगृहाचा वास,
खुर्चीवर गुडघे टेकून
मेलेल्या कोळंबीला पोहायला शिकवते आहे.
थांब. झटका. थांब.
घाबर, मी कोळंबीला म्हणते.
घाबरल्यासारखी तरी कर.
खिडकीबाहेर सीगल कचऱ्याच्या डब्यावर नाचतायत,
त्यांना कुणी आर्जवं केलेली नाहीत.

तेराव्या दिवशी, योगायोग म्हणा हवं तर,
पाणी फुटलं.
चिमटा हातातून उडाला, बाही कोपरापर्यंत ओली,
कोळंबी नव्हती.
पहाटे पावणेसातला मी एकटीच ओरडले.
जिन्यावरून वैजनाथ: "काय झालं? काय झालं?"
"जेवली."
तो दोन पायऱ्या उतरला, उभा राहिला,
मग दोन पायऱ्या चढला.

पुढचं सगळं सोपं.
कोळंबीच्या पोटात गोळी दडवायची, मुलांना औषध देतात तशी,
मग कोळंबी कमी, गोळी जास्त,
शेवटी नुसती गोळी. तपकिरी, वाटाण्याएवढी.
डब्यावर लिहिलंय, मासळीचा चुरा, गहू, रंग.
वास ओळखीचा. आमच्या पट्ट्याखाली सांडतं
त्यातलंच असेलही.

आता झाकण उचललं की ती वर येते तोंड वासून,
बोटाच्या सावलीलासुद्धा.
ट्यूप्लिन म्हणाला, जिंकलीस.
मी हो म्हटलं.

काल शिफ्टला निघताना
टाकीवरच्या दिव्याचा पतंग पाण्यात पडला.
फडफडत होता, गोल गोल, स्वतःभोवती वर्तुळं काढत.
मरळ कुंडीतून निघाली, संथ,
बरोबर त्याच्या खाली येऊन थांबली.
मी हातातली किल्लीसुद्धा वाजू दिली नाही.
तिने त्याच्याकडे पाहिलं.
मग काचेतून माझ्याकडे.
चिमटा कुठे आहे, अशा नजरेने.

पतंग मी चहाच्या गाळणीने काढला
आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला.
पंख वाळायला बराच वेळ लागला.
बस गेली.