किती पडले

खानापूर स्टँडच्या पाठीमागं, पंक्चरवाल्याला लागून
माझा झेरॉक्सचा गाळा.
पाटीवर कन्नड ठळक, मराठी बारीक.
निकालाच्या दिवशी दोन्ही कुणी वाचत नाही.

आपल्यात मार्क पडतात.
कौलावरनं, फांदीवरनं, हातातनं पडावेत तसे.
कन्नडात ते येतात. एष्टु बंतु, असं विचारतात,
जसा काय पाहुणा बैलहोंगलच्या गाडीतनं उतरला.
वीस वर्षं या खिडकीत मी दोन्ही प्रश्न ऐकतोय
आणि उत्तर एकच छापून देतोय,
पानाला पाच रुपये.

गर्लगुंजीची प्रणिता बिर्जे आली तेव्हा पाऊण वाजला होता.
सोबत बाप, वीटभट्टीवरचा मुकादम.
त्याच्या पिशवीत दहावी, पीयूसी, उत्पन्नाचा दाखला,
आणि लागलंच तर असावं म्हणून
पोरीचं पोलिओचं कार्ड.

चाक फिरलं. थांबलं. पाचशे एकोणतीस.
बाप स्क्रीनकडं बघेना, माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
"हे बरं म्हणायचं, का वाईट?"
आता मी काय सांगू.
रेघ दर साली सरकते,
आणि कुठवर सरकली ते
ओलांडायला गेलेल्यालाच कळतं.

ती बोटांवर मोजत होती.
"शेवटच्या पाच मिनिटांत सात गोल अंदाजानं काळे केले, काका.
एक बरोबर आला, सहा चुकले.
चार मिळाले, सहा कापले.
गप्प बसले असते तर दोन जास्त असते."

पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या यादीतही नव्हतं.
मग बाप एकटाच आला, त्याच कागदाच्या पाच प्रती काढायला.
महाराष्ट्राच्या फॉर्मला लावायच्या होत्या, सीमाभागातल्या पोरांसाठीच्या.
"तिकडं आमचं गाव त्यांचं हाय म्हणतात,
हिकडं आमचं गाव ह्यांचं.
मार्क मात्र दोन्हीकडं तेवढंच की हो."
हसला. मशीन तापलं होतं,
तिसरी प्रत काळपट आली, ती मी बाजूला ठेवली.

गुरुवारी ती पुन्हा आली, फॉर्मवरची सही राहिली होती म्हणून.
बाकड्यावर इटगीकडची एक म्हातारी बसली होती,
आधारची झेरॉक्स काढायला आलेली.
पोरगी शिकलेली दिसते म्हणून
तिनं कनवटीचा कागद सोडला, गोळ्यांची दोन पाकिटं काढली.
एरडू कूडे तगोबेकेन? दोन्ही एकदम घ्यायच्या का?

प्रणितानं चिठ्ठी वाचली.
पाकीट उलटं केलं, तारीख बघितली,
परत चिठ्ठी वाचली.
बायॉलॉजीत हिला मार्क चांगले होते, मीच छापले होते.
मला वाटलं, सांगून टाकेल आता.

"नंग गोत्तिल्ल, अज्जी," ती म्हणाली.
"मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाच विचारूया. चला."

आणि म्हातारीची पिशवी उचलून
ती रस्ता ओलांडून सरकारी दवाखान्याकडं गेली,
फॉर्म माझ्या टेबलावर, सहीची जागा कोरी,
पाच वाजता पोस्ट बंद होणार.

मी पंख्याखाली त्या फॉर्मवर
स्टेपलर ठेवला, उडू नये म्हणून.
घड्याळ बघितलं.
आणि कुणी विचारलं नसताना
मनातल्या मनात दोन मार्क वाढवले.