गळती

केळुसकर बाईंनी डबा उघडला तेव्हा
आत भाकरी नव्हती.
ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार बिया.
"दोडामार्गाकडच्या देवराईतल्या. सुकल्या की मेल्या,
म्हणून रात्रभर मांडीवर घेऊन आले."

रानजायफळ.
जगात कुठं कुठं, विचारलं, तर त्यांनी
माझ्या हजेरीवहीवर नखानं एक रेघ ओढली.
त्या रेघेतही फक्त तिथं,
जिथं उन्हाळ्यातही पायाखाली पाणी असतं.

बेलापूरच्या आमच्या नर्सरीत
पाणी साडेनऊला येतं.
टँकरची वाट बघायची असेल तर अकराला.

तिघी कुजल्या.
चौथीनं दोन महिन्यांनी मान वर काढली.
तिला मी ठेवलं ऑफिसच्या मागं,
साहेबांच्या एसीची नळी ठिबकते तिथं.
सोमवार ते शुक्रवार थेंब थेंब.
शनिवार-रविवार मी बाटली घेऊन जातो.
घरी सांगतो, ओव्हरटाइम.

बाईंनी मोठ्या झाडाचा फोटो दाखवला होता.
चिखलातून वर आलेली, वाकून परत आत गेलेली मुळं,
लावणीला बसलेल्या बायांचे गुडघे जसे.
"श्वास घेतात त्यातून," म्हणाल्या.
म्हटलं, ठाऊक आहे.
आमच्या खाजणात तिवरं घेतात तसाच.
ओहोटीला बापामागं निवट्या धरायला जायचो,
तिवरांची ती नाकं तळव्याला टोचायची.
बाई म्हणाल्या, दाखवाल का ती जागा?
नेलं.
पार्किंगच्या दुसऱ्या तळघरात, खांब बी-चौदा.
भिंतीला ओल होती. बाईंनी हात लावून पाहिला.

जुलैत साहेबांना कार्यक्रमासाठी
"काहीतरी दुर्मिळ" हवं होतं.
पाम बीच रोडचा दुभाजक, लाल फीत, संगमरवरी पाटी.
मी सातविणीचं रोप दिलं.
कुणी पान उलटून पाहिलं नाही.
पाटीवर रानजायफळ, खाली सातवीण,
धुरात मजेत वाढतेय.
पाच-सहा वर्षांनी फुलेल,
वासावरून कुणीतरी ओळखेलच.
तोवर मी रिटायर.

इकडं एसीखालची दीड वीत झालीय.
पानं सात.
आठवं तांबूस, अजून मिटलेलं.

काल मेकॅनिक आला होता.
वाकून बघत म्हणाला,
काका, नळी गळते तुमची, बदलून टाकू?

म्हटलं, चहा घे आधी.