पासंग

गुरुवार. डुलुथ. बाहेर उणे बावीस.
तळघरातली भट्टी खोकते,
तिच्यावर आवाज चढवून मी गुहेचं वर्णन करतो.
लोकांच्या भट्ट्या दुरुस्त करून पोट भरतो मी,
आपली तेवढी राहून जाते.

टेबलाशी चौघं, प्रेट्झेलची बशी,
वीस बाजूंचा फासा, त्यावरचा सात पुसट.
वेंडेल निखळ जादूगार: नऊ पायऱ्या सरळ वर,
वाटेत एकही दुसरं दार न उघडता.
मारित पाच पायऱ्या जादूगार, चार पायऱ्या पुजारीण.
जखमा शिवते, विजाही पाडते,
दोन्ही थोड्या उशिरा.

नवव्या पायरीला वेंडेलने दगडी भिंत उभी केली
भर पुरात, एका वाक्यात.
त्याच फेरीत मारितने काय केलं?
एक दिवा लावला.
पुढच्या फेरीत रोझलिनचा खरचटलेला गुडघा.
"एक ना धड," ती स्वतःच म्हणाली,
आणि चिंध्या मोजाव्यात तसे आपले खण मोजले,
मंत्र ठेवायचे, एका रात्रीत रिते होणारे खण.

मला वाईट वाटलं.
वाईट वाटणं हा नियम लिहिण्याचा
सगळ्यात वाईट मुहूर्त.
त्याच रात्री पेन्सिलने लिहिलं:
दोन्हीकडच्या पायऱ्या मिळवा. पाच अधिक चार, नऊ.
नऊचे खण, नऊचं ज्ञान,
पोथीच्याही किल्ल्या, देवळाच्याही.

पुढच्या गुरुवारी बर्फाचा अजगर
तोंड उघडायच्या आत संपला.
तीच भिंत, तीच वीज, वर आणखी संजीवनी.
वेंडेलने आपला कागद पालथा घातला.
बडचा बुटका योद्धा कुऱ्हाड परजत
अजून गुहेच्या दारातच.
प्रेट्झेलला कुणी हात लावला नाही.
रात्रीचे तीन तास उरले होते
आणि अजगर उरला नव्हता.

मग आठवडाभर, दुसऱ्यांच्या बॉयलरखाली आडवा पडून:
दोन गुरूंची दक्षिणा लावू?
चिलखतात हात अडखळू दे?
एका फेरीत एकच देव, नाहीतर एकच वीज?
दर उपायाला एक पारडं वर
आणि कुणाचं तरी तोंड खाली.

मारित दिवसा बंदरावर लोहखनिजाचे नमुने तोलते,
संध्याकाळी नर्सिंगच्या वर्गाला जाते, तिथेही उशिरा.
त्या गुरुवारी मात्र लवकर आली,
बुटांवरचा बर्फ न झटकता.
"आम्ही आधी रिकामा काटा बघतो," म्हणाली,
"काहीच ठेवलेलं नसताना तो कुठे झुकतो ते.
तू आधी माझी कीव ठेवलीस."
मी गप्प. भट्टी बोलली.
"उशीर चालतो मला, आर्वो.
पोचल्यावर दार बंद नको."

खोडरबर तिनेच उचललं.
खण राहू दिले, नऊचे, मोठे.
ज्ञान खोडलं: पाचाचं पाचापाशी, चाराचं चारापाशी.
भांडं मोठं,
आत ओतायला जुनंच, घोटभर.
"ह्याचा उपयोग काय?" वेंडेलने विचारलं,
पण विचारताना त्याचा कागद सुलटा होता.

काल खाणीत सगळ्यांचेच मंत्र संपत आले.
तिच्यापाशी एक मोठा खण
आणि त्यात ठेवण्याजोगा, पहिल्या पायरीवर शिकलेला,
तो दिवा.
तिने तो ठेवला.
किती उजेड पडेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पान काढलं:
खोडून खोडून तिथे कागदाला भोक पडलेलं,
पलीकडून बडच्या कपाचा निळा रंग दिसत होता.

"किती?" मारितने विचारलं.
"टाक," मी म्हणालो.
फासा प्रेट्झेलच्या चुऱ्यात थांबला,
पुसट बाजू वर.
सात असावा.
आम्ही पाचही जण डोकी जवळ आणून
बराच वेळ वाकून बघत राहिलो.